‘ढ’ म्हणण्याआधी : डिस्लेक्सियाचा एक आढावा, लोहाऱ्यातून

मराठीत एका अक्षराची शिवी झाली आहे. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरे रूप पालटत आली, ‘ढ’ मात्र फारसा बदलला नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची जन्मकथा सांगतात. ती खरी असो वा नसो, वर्गात हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात डिस्लेक्सिया हा शब्द फार थोड्यांच्या तोंडी आहे आणि ‘ढ’ सगळ्यांच्या. म्हणून इथून आढावा घ्यायचा तर सुरुवात याच अक्षरापासून करावी लागते.

चौथीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर आहे. श्रुतलेखनाला वाक्य होते, ‘विहिरीत पाणी आहे.’ त्याने लिहिले, ‘वीहीरत पनि आहे.’ वाचायला ‘धरण भरले’ दिले, तर तो ‘घरण’ म्हणाला, अडखळला, शेजारच्या चित्राकडे पाहिले आणि ‘घर भरले’ म्हणून मोकळा झाला. चार ओळींनंतर ‘धरण’ पुन्हा आले, तेव्हा तो शब्द त्याला नवाच होता. वही मिटून माकणीच्या धरणाबद्दल विचारले, तर मात्र तो थांबेना. दारे उघडली की पाणी आधी कुठे शिरते, मासे कोणत्या बाजूला लागतात, पाऊस कमी झाला की काठावर काय उघडे पडते, सगळे क्रमाने सांगत गेला. सांगताना तो एकदाही अडला नाही.

या एका वहीचे तीन अर्थ लावता येतात. मुलाला नीट शिकवले गेले नसेल. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर असेल. किंवा त्याच्या मेंदूला अक्षर आणि ध्वनी यांची गाठ मारणे जड जात असेल. डिस्लेक्सियावरची गेल्या सव्वाशे वर्षांची चर्चा या तिसऱ्या शक्यतेभोवती फिरते. आपल्याकडची अडचण अशी, की पहिल्या दोन शक्यता बाजूला सारल्याशिवाय तिसरीपर्यंत पोचताच येत नाही.

नावाचा इतिहास

डिस्लेक्सिया हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरला, तो मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. मुलांच्या बाबतीतले गाजलेले वर्णन १८९६ सालचे. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा चलाख, नजर चांगली, पण साधे शब्द वाचता येईनात. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. माकणीच्या धरणाबद्दल बोलणारा मुलगा मला म्हणूनच फार जुना वाटतो.

त्या काळी या दोषाला जन्मजात शब्दांधत्व म्हणत. दोष डोळ्यांत किंवा दृश्यस्मृतीत आहे, असा समज होता. १९२५ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी अक्षरे उलटीसुलटी होण्यावर भर दिला. ‘डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे’ हा आपल्याकडचा आजचा समज तिथूनच आला आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. वाचायला नव्याने शिकणारी बहुतेक मुले काही दिवस अक्षरे उलटी लिहितात. त्यावरून कुणी डिस्लेक्सिक ठरत नाही.

१९७०च्या दशकापासून संशोधनाचा कल ध्वनींकडे वळला. शब्द कोणत्या ध्वनींनी बनला आहे, हे कानाने सुटे करून ओळखण्याची क्षमता या मुलांत कमजोर असते, हे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल, हा प्रश्न त्यांना जड जातो. काही मुलांची अडचण वेगळी असते. ओळखीच्या वस्तूंची, रंगांची, अंकांची नावे भराभर घेताना ती मागे पडतात. मेरीअन वुल्फ आणि पॅट्रिशिया बॉवर्स यांनी १९९९ मध्ये हे दोन दोष वेगळे धरून मांडणी केली. ज्यांच्यात दोन्ही असतात, त्यांचे वाचन सर्वांत अडते. दृष्टी, लक्ष आणि मेंदूतील वेगवान संवेदनमार्ग यांच्याशी डिस्लेक्सियाचे नाते जोडणारे सिद्धान्तही आहेत, पण त्यांच्यामागचा पुरावा त्यामानाने विस्कळीत आहे.

आनुवंशिकतेबद्दल वाद उरलेला नाही. आई-वडिलांपैकी एकाला ही अडचण असेल, तर मुलांमध्ये ती येण्याची शक्यता बरीच वाढते. २०२२ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सियाशी निगडित ४२ जनुकीय जागा सापडल्या. डिस्लेक्सियाचे एकच असे जनुक मात्र नाही.

मेंदूच्या चित्रणांबाबत सावध राहावे लागते. २०१७ मध्ये मायकेल स्काइडे, फाल्क ह्युटिग आणि सहकाऱ्यांनी लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली. त्यांच्या मेंदूत खोलवरच्या भागांतले जोडकाम बदललेले दिसले. यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. डिस्लेक्सिक मुलांच्या मेंदूत जो फरक दिसतो, तो कमी वाचनाचे कारण की कमी वाचनाचा परिणाम? सगळ्या फरकांना हा प्रश्न लागू नाही. काही फरक वाचन सुरू होण्याआधीच, लहान वयात दिसले आहेत. तरीही ‘मेंदूचा फोटो दाखवला की सिद्ध झाले’ इतके हे सरळ नाही.

बुद्ध्यांकाचा प्रश्न आता मागे पडला आहे. पूर्वी बुद्ध्यांक चांगला आणि वाचन खराब असेल, तरच डिस्लेक्सिया मानत. पण कमी बुद्ध्यांकाच्या मुलांची वाचनातली अडचणही त्याच जातीची असते आणि मदतही तीच लागू पडते, असे आढळल्यावर अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणाने ही तफावतीची अट सोडली.

देवनागरीची आपली अडचण

या विषयाचे बरेचसे ज्ञान इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून आलेले आहे आणि इंग्रजीचे स्पेलिंग जगातल्या अत्यंत अवघड गोष्टींपैकी एक आहे. मराठी ‘जशी बोलतो तशी लिहितो’, म्हणून इथे डिस्लेक्सिया नसणारच, असे मी शिक्षकांकडून अनेकदा ऐकले आहे. ते खरे नाही, पण त्यात तथ्याचा अंश आहे.

२००१ मध्ये पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी डिस्लेक्सिक वाचकांची तुलना केली. मेंदूतली मूळ अडचण तिघांत सारखीच निघाली, पण इटालियन वाचक बरेच बरोबर वाचत होते, कारण त्यांची लिपी सरळ आहे. इंग्रजीत डिस्लेक्सिया चुकांतून दिसतो, सरळ लिपीत तो संथपणातून दिसतो. लोहाऱ्यातल्या शाळेच्या दृष्टीने मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते. एकेक अक्षर बोटाने पकडत, पण अखेरीस बरोबर वाचणारे मूल ‘वाचतो, पण रेंगाळतो’ म्हणून सोडून दिले जाते. सहावी-सातवीत इतिहास आणि विज्ञानाचे धडे लांब झाले की तेच मूल एकदम बुडते आणि मग सगळे विचारतात, याला अचानक झाले तरी काय?

देवनागरी इटालियनइतकी सरळही नाही. तिची अक्षरे खूप आणि त्यांची रूपे त्याहून खूप. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांवरील अभ्यासात दाखवले, की अक्षरसंच पुरता हाती यायला चौथीपर्यंतचा काळ जाऊ शकतो. कन्नड आणि मराठीची घडण या बाबतीत सारखी आहे. इंग्रजी मूल २६ अक्षरे ओळखून कामाला लागते. आपल्या मुलाला बाराखडीचे शेकडो चौकोन भरावे लागतात आणि त्यानंतर जोडाक्षरे. त्यामुळे दुसरीत अडखळणारे मूल डिस्लेक्सिक आहे की अजून रस्त्यातच आहे, हे सांगणे कठीण होते.

जवळून पाहिले तर ही लिपी कुठे अडवते ते दिसते. ‘कि’मध्ये वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर हेच तपासले. ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचायला अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. ‘र’ तर बहुरूपीच. ‘राम’मध्ये उभा, ‘क्रम’मध्ये पायाशी तिरका, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार होऊन पुढच्या अक्षरावर बसलेला, ‘वाऱ्या’मध्ये आणखी वेगळा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ एका रेघेच्या फरकाने वेगळे होतात. ‘ख’ घाईत लिहिला तर ‘रव’ होतो. ‘चाक’ आणि ‘चिमटा’ यांतले दोन ‘च’ कानाला वेगळे, कागदावर एक. वाचन सहज असलेल्या मुलाला हे सगळे हळूहळू उमगते. डिस्लेक्सिक मुलाला ते कुणीतरी एकेक करून, स्पष्ट सांगून, पुन्हा पुन्हा घटवून द्यावे लागते.

लेखनाचा जाच वेगळा. बोलताना आपण इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ फारसे पाळत नाही. लिहिताना मात्र मराठी साहित्य महामंडळाचे, शासनाने १९६२ आणि १९७२ मध्ये स्वीकारलेले नियम पाळायचे. जे कानाला ऐकूच येत नाही, त्यासाठी या मुलांचे गुण सर्वांत जास्त कापले जातात. ‘वीहीरत’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवरच्या तांबड्या शाईत नियमाची चूक किती आणि ध्वनी निसटल्याची चूक किती, हे कुणी वेगळे पाहत नाही. ‘वी’ ही पहिल्या जातीची चूक. ‘रीत’चा ‘रत’ झाला, ती दुसऱ्या जातीची. काळजी दुसरीची करायची.

यात भाषांची भर पडते. लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात घरी कन्नड, उर्दू किंवा लमाणी बोलणारी मुले मराठी शाळांत बसतात, आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजीही आहे. वायडेल आणि बटरवर्थ यांनी १९९९ मध्ये एका मुलाची नोंद केली. तो जपानी उत्तम वाचत असे आणि इंग्रजीत मात्र डिस्लेक्सिक होता. त्यामुळे फक्त इंग्रजीत तपासून निदान करणे किंवा फक्त मराठीत तपासून निर्धास्त होणे, दोन्ही अपुरे. मराठीत तपासणीचे प्रमाणित साधन फार उशिरा आले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘डाली’ ही चाचणी तयार झाली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. लमाणी बोलणाऱ्या मुलाला मराठीतून मोजणे कितपत योग्य, हा प्रश्न तिच्यानंतरही उरतोच.

मुले किती?

जगभर साधारण पाच ते दहा टक्के असे सांगतात. भारतातले आकडे मात्र एकमेकांपासून फार लांब आहेत. बेळगावातल्या प्राथमिक शाळांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाण १५.१७ टक्के निघाले. पुढच्याच वर्षी चंदीगडच्या सातवी ते बारावीच्या मुलांत ते १.५८ टक्के निघाले. दोन्ही ठिकाणची मुले इतकी वेगळी असणे शक्य नाही. वय वेगळे, साधने वेगळी, रेषा कुठे ओढायची तो निकष वेगळा. वाचनक्षमता उंचीसारखी सलग असते. अमुक इंचाखाली ‘बुटका’ म्हणायचे हे आपण ठरवतो, निसर्ग ठरवत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात ही रेषा ओढणे आणखी अवघड. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२२ आणि २०२४ च्या दोन्ही फेऱ्यांत तिसरीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. जिथे अर्ध्याहून जास्त वर्ग मागे आहे, तिथे मेंदूच्या वेगळेपणामुळे मागे राहिलेले मूल गर्दीत हरवते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत शाळेबाहेर असलेले मूल आणि रोज हजर असूनही न वाचणारे मूल हजेरीपटावर वेगळे दिसते, गुणपत्रकावर एकच.

मुंबईत सुरू झालेली लढाई

महाराष्ट्रात या विषयाला आवाज मिळाला तो मुंबईत, शहरी पालकांमुळे आणि काही डॉक्टरांमुळे. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी राज्य शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. अशा सवलती औपचारिकपणे देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, भाषेची सूट, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, अशी त्यांची यादी हळूहळू वाढत गेली. सायन रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता केंद्रातून डॉ. सुनील करंदे, डॉ. माधुरी कुलकर्णी आदींनी केलेल्या नोंदी आजही भारतातल्या चांगल्या नोंदींत गणल्या जातात.

२१ डिसेंबर २००७ रोजी ‘तारे जमीन पर’ आला. त्याचे लेखक अमोल गुप्ते, आणि त्यातली निवासी शाळा पाचगणीची. त्या सिनेमाने एका रात्रीत या शब्दाला घराघरांत नेले. मात्र त्याने एक अपेक्षाही पेरली, की प्रत्येक डिस्लेक्सिक मुलाच्या आत एक चित्रकार लपलेला असतो. त्याकडे पुढे येतो.

कायद्यात मोठा बदल २०१६ चा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने हे प्रकार एकवीस केले आणि तिला जागा दिली. शाळांनी ही अडचण लवकरात लवकर हेरून योग्य अध्यापन करावे, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी रीत ठरवली. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची, मग तज्ज्ञांकडून निदान आणि नंतर प्रमाणपत्र. आठ वर्षांआधी प्रमाणपत्र नाही.

कागदावरची ही रीत लोहाऱ्यात येता येता विरते. शिक्षकाला चाळणीचे प्रशिक्षण हवे, गट साधन केंद्रातल्या मोजक्या विशेष शिक्षकांवर सगळ्या प्रकारच्या दिव्यांग मुलांचा भार, आणि पुढच्या निदानासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका जागी हवेत. त्यासाठी धाराशिव किंवा सोलापूर गाठायचे तर आई-बापाचा रोज बुडतो. एका फेरीत काम होत नाही. ज्या तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले, तिथल्या मुलाला आपण ‘ढ’ नाही हे सिद्ध करायला तालुक्याबाहेर जावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

नाव द्यावे की देऊ नये?

२०१४ मध्ये ज्युलियन एलियट आणि एलेना ग्रिगोरेन्को यांनी पुस्तक लिहून थेट प्रश्न केला, की डिस्लेक्सिया या नावाने नेमके काय साधते? वाचनात अडचण असलेल्या मुलांतून ‘खरे डिस्लेक्सिक’ वेगळे काढण्याची खात्रीची पद्धत नाही. काढले तरी शिकवण्याची रीत बदलत नाही. आणि निदानाचा खर्च ज्यांना परवडतो, त्यांच्याच मुलांना सवलती मिळतात. महाराष्ट्रातही बनावट किंवा सैल प्रमाणपत्रांच्या तक्रारी झाल्या आहेत आणि प्रमाणपत्रधारकांत इंग्रजी माध्यमाच्या शहरी मुलांचा भरणा दिसतो.

दुसरी बाजू तितकीच वजनदार आहे. नाव नसले तरी मूल बिननावाचे राहत नाही, त्याला ‘आळशी’, ‘मठ्ठ’, ‘ढ’ ही नावे तयारच असतात. ‘तुझा दोष नाही, वाचणे तुला जड जाते’ हे ऐकून कित्येक मुलांच्या खांद्यावरचे ओझे उतरते, आणि आईला सासरच्यांसमोर बोलायला शब्द मिळतो. शिवाय नावाशिवाय कायद्याचा हक्क मागता येत नाही. १९९६ मध्ये पालकांनी नाव लावून धरले नसते, तर सवलती आल्याच नसत्या.

मला वाटते, परीक्षेच्या हक्कासाठी नाव लागते, वर्गातल्या मदतीसाठी लागत नाही. आपल्याकडे दोन्हींची सांगड घातली गेली आहे. प्रमाणपत्र येईपर्यंत मदत थांबते आणि प्रमाणपत्र आले की सवलत मिळते, पण वाचायला तरीही कुणी शिकवत नाही.

सामर्थ्याचा दावा

डिस्लेक्सियाबरोबर काही खास ताकदी येतात, हा विचार गेल्या वीस वर्षांत जोर धरून आहे. २००३ मध्ये फॉन कारोली आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की वास्तवात अशक्य असलेल्या आकृत्या डिस्लेक्सिक वाचक एका नजरेत अधिक लवकर ओळखतात. ज्युली लोगन यांच्या २००९ च्या पाहणीत अमेरिकी उद्योजकांपैकी ३५ टक्क्यांनी आपल्याला डिस्लेक्सिया असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये केंब्रिजच्या हेलन टेलर आणि मार्टिन व्हेस्टरगार्ड यांनी असे मांडले, की हा दोष नसून नव्याचा शोध घेण्याकडे झुकलेली मेंदूची रचना आहे.

यावरचा पुरावा एकसारखा नाही. आकृत्यांबाबत नंतरच्या अभ्यासांत कधी सरसपणा दिसला, कधी बरोबरी, कधी मागेपण. उद्योजकांची पाहणी त्यांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर उभी आहे आणि जे यशस्वी झाले त्यांचीच आहे. मधेच शाळा सोडून गेलेल्यांना कुणी विचारले नाही.

तरीही ताकदीचा विषय सोडून देऊ नये. धरणाबद्दल बोलणाऱ्या मुलाकडे निरीक्षण आहे, क्रमाने सांगण्याची हातोटी आहे. ती डिस्लेक्सियामुळे आली की धरणाच्या काठी वाढल्यामुळे, हे ठरवायची गरज नाही. ती वर्गात उपयोगी आणली तर त्याचे शिकणे टिकते. त्याने सांगितलेले कुणी लिहून घ्यावे आणि तेच त्याला वाचायला द्यावे. मग ‘धरण’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या गोष्टीत येतो. धोका उलट बाजूला आहे. असामान्य कला दाखवली तरच मूल स्वीकारायचे, असे झाले तर चित्र न काढता येणाऱ्या आणि वाचताही न येणाऱ्या मुलाने जायचे कुठे? बहुतेक डिस्लेक्सिक मुले साधीच असतात.

काय चालते, काय उरते

उपायांबाबत मतभेद सर्वांत कमी आहेत. ध्वनी आणि अक्षर यांचे नाते उघड करून, ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे, रोज आणि भरपूर सरावाने शिकवणे, आणि त्याबरोबर अर्थपूर्ण वाचन. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, खास आहार यांना भक्कम आधार नाही. पालकांनी त्यावर पैसे घालू नयेत.

मराठीत यासाठीचा पाया बऱ्याच अंशी घातला गेला आहे, तोही डिस्लेक्सियाचे नाव न घेता. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मराठी वाचन कसे शिकवावे यावर हयातभर काम केले. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था नीलेश निमकर यांच्या पुढाकाराने हेच करते. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अहवाल पालघर आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतो. वर्गांत अक्षरे आणि बाराखडी घोटून घेतली जाते, पण शब्द उलगडणे आणि अर्थ लावणे दोन्ही बहुतेकांना साधत नाही, असे त्यातून दिसले. म्हणजे वर्गातले साधे शिकवणे सुधारले, तर डिस्लेक्सियाचा संशय असलेल्या मुलांपैकी बरीच आपोआप बाहेर पडतील. नीट शिकवूनही जी मागे राहतील, ती निदानासाठी खरी पात्र. हा क्रम लोहाऱ्यासारख्या ठिकाणी सर्वांत व्यवहार्य दिसतो. त्याला आक्षेपही आहे, की ‘आधी शिकवून पाहू’ म्हणत वर्षे निघून जातात. म्हणून मुदत घालायला हवी.

पुढचे प्रश्न खुलेच आहेत. मराठीत वाचनाचा वेग वयानुसार किती असावा, याचे ग्रामीण मुलांवरून काढलेले प्रमाण हवे. उर्दू आणि लमाणी घरांतल्या मुलांसाठी तपासणी कशी करायची, ते ठरलेले नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. तिच्यात नापास होणाऱ्यांत डिस्लेक्सिक मुले किती, हे मोजण्याची सोय दिसत नाही.

तालुक्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. दुसरीच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाला एकटे बसवून, कुणी हसणार नाही अशा जागी, एक पान मोठ्याने वाचायला लावा. कुठे अडते ते तारखेसह लिहून ठेवा. फाल्गुनात तेच पान पुन्हा द्या. मधल्या काळात रोज शिकवूनही जे मूल तिथेच असेल, त्याचे नाव गट साधन केंद्राला कळवा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक टेबलावर पहिल्यांदा तोच मागितला जाईल.